फॉरमॅट मारण्याआधी: कोपऱ्यातल्या चौकटी, आपोआप डाउनलोड होणाऱ्या फाइली आणि एक मराठी फॉन्ट

काकू, तुम्ही कळवलेलं आधी थोडक्यात पुन्हा सांगतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच लक्षात येईल. मंडळाच्या गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका घरीच तयार करावी म्हणून तुम्ही मराठी फॉन्ट शोधायला गेलात. एका साइटवर मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण दिसलं, ते दाबलं, सेटअप चालवला. फॉन्ट काही मिळाला नाही. तेव्हापासून स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' अशा चौकटी येतात. ब्राउझरमध्ये कुठेही क्लिक केलं की भलतंच पान उघडतं आणि एखादी फाइल आपोआप डाउनलोड होते. एकदा तर सगळी स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजला आणि 'या नंबरवर ताबडतोब फोन करा' असं आलं. तुम्ही फोन केला नाहीत, हे फार चांगलं झालं. संगणक २०१७ चा, विंडोज १०. ओळखीच्या एका मुलाने 'सरळ फॉरमॅट मारा' असं सांगितलं आणि तुम्ही विचारताय, मारू का?

आज नको. फॉरमॅट, म्हणजे डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने घालणं, हा शेवटचा उपाय आहे, आणि तो करायचाच झाला तरी आधी दोन-तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

मी हे इतक्या ठामपणे का सांगतोय तेही सांगतो. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, सियाबाग, वाडी या भागांतल्या घरांमधून मी बावीस वर्षं संगणक दुरुस्त करतोय. सुरुवातीला माझाही खाक्या हाच होता: व्हायरस आला, फॉरमॅट मारला, संध्याकाळपर्यंत संगणक परत. एका घरात मी मुलाला विचारलं, 'यात काही महत्त्वाचं आहे का?' तो म्हणाला, 'नाही.' त्याच्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग डेस्कटॉपवर होतं. आजींना मी विचारलं नव्हतं. ते रेकॉर्डिंग पुन्हा करायला आजी फार दिवस राहिल्या नाहीत. तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय डिस्कला हात लावत नाही. तुमच्या संगणकात नातवंडांचे फोटो, काकांच्या पेन्शनचे कागद आणि मंडळाचे हिशेब आहेत, म्हणून आज नको म्हणतोय.

आता मूळ मुद्दा. स्क्रीनवर काहीतरी दिसणं, फाइल डाउनलोड होणं आणि ती फाइल चालणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाबरल्यावर माणूस त्या एकच समजतो. नुसतं दिसलं असेल तर दहा मिनिटांचं काम. डाउनलोड झालं पण उघडलं नाही, तर फाइल काढून टाकायची. चालवलं असेल, तर मात्र नीट बसून साफ करावं लागतं. तुमच्या बाबतीत तिन्ही झालंय, पण एकेक सुटं करून पाहू.

कोपऱ्यातल्या चौकटी पहिल्या. या कुठला व्हायरस दाखवत नाही, तुमचा क्रोमच दाखवतो, कारण त्या साइटला तशी परवानगी मिळालेली असते. पानावर लिहिलेलं असतं, 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा'. आपण दाबतो. वास्तविक ते बटण 'या साइटला मला कधीही सूचना पाठवू दे' या परवानगीचं असतं. मग ती साइट बंद असली तरी जाहिराती येत राहतात. खूण अशी की चौकटीत बारीक अक्षरात 'गूगल क्रोम' आणि कुठल्यातरी अनोळखी साइटचं नाव असतं. पाच व्हायरस वगैरे सगळं खोटं. साइटला तुमच्या डिस्कमध्ये डोकावताच येत नाही, ती व्हायरस मोजणार कुठून?

क्रोमच्या उजव्या वरच्या तीन ठिपक्यांवर जा, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. काही घरांत ही यादी बघून माणसं थक्क होतात. एकेक नाव काढत बसा, वर्तमानपत्रांची आणि खरेदीच्या साइटचीसुद्धा, आणि वरचा पर्याय 'सूचना पाठवू देऊ नका' असा ठेवा. एज ब्राउझर वापरत असाल तर त्याची यादी वेगळी असते. तुमच्या मोबाइलवरच्या क्रोममध्येही एकदा बघा. हे झालं की कोपरा शांत होईल.

लाल स्क्रीन आणि भोंगा हे निव्वळ एक वेबपान होतं, पूर्ण स्क्रीनभर ताणलेलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. असं पुन्हा झालं तर सगळ्यात आधी आवाज बंद करा. निम्मी भीती त्या भोंग्याची असते. मग एस्केप कळ काही सेकंद दाबून धरा. नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात क्रोम निवडून 'एंड टास्क'. पुन्हा क्रोम उघडल्यावर तो 'आधीची पानं परत आणू का' विचारेल, तिथे नाही म्हणायचं, नाहीतर तेच पान परत येतं.

तुम्ही फोन केला नाहीत, पण शेजारीपाजारी कुणी केला असेल तर म्हणून सांगतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. पलीकडचा माणूस गोड बोलून दुरून संगणक चालवण्याचं सॉफ्टवेअर घालायला लावतो. ही सॉफ्टवेअर स्वतः वाईट नसतात, मीही कामासाठी वापरतो. मग तो 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे विंडोजची अंतर्गत नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी दाखवतो आणि म्हणतो, बघा किती बिघाड. अशा खुणा अगदी ठणठणीत संगणकातही असतात, पण पाहणाऱ्याला ते माहीत नसतं. मग पैसे, मग बँकेचं पान उघडायला लावणं. असं घडलं असेल तर इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, संगणक बंद करा, दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात ते तक्रार लवकर पोचली तरच. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलेली शिकलीसवरलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

आता आपोआप डाउनलोड होणाऱ्या फाइली. क्रोममध्ये कंट्रोल आणि जे दाबलं की सगळी यादी दिसते. फाइल नुसती डाउनलोड झाल्याने काही होत नाही, दोनदा क्लिक केल्यावर ती जागी होते. तेव्हा न उघडता काढून टाका. मात्र विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं आणि फसवणारे त्याचा फायदा घेतात. 'आमंत्रण डॉट पीडीएफ' असं दिसतं, पूर्ण नाव असतं 'आमंत्रण डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई'. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करून ठेवा. ईएक्सई, एमएसआय, एससीआर, जेएस, व्हीबीएस ही शेपटं असलेली फाइल तुम्ही स्वतः मागितलेली नसेल तर उघडायची नाही. फॉन्टचं शेपूट टीटीएफ किंवा ओटीएफ असतं. फॉन्ट म्हणून ईएक्सई हातात आली की तिथेच शंका यायला हवी.

आणि तुम्ही तीच चालवली. दोष तुमचा नाही. ती हिरवी बटणं मुळात जाहिराती असतात, खरी लिंक खाली बारीक अक्षरात असते, आणि ती रचना मुद्दामच तशी केलेली असते. पण आता साफसफाईला बसायला हवं, आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी फोटो, कागद आणि हिशेब एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. फक्त फोटो आणि कागद, कुठलाही सेटअप नाही. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. संगणकाला जोडून ठेवलेला बॅकअप काय उपयोगाचा? संगणकावर जे संकट येईल ते त्याच्यावरही येईल.

मग सेटिंग्जमधल्या 'ॲप्स' मध्ये जाऊन यादी तारखेप्रमाणे लावा. तुम्ही फॉन्टचा सेटअप चालवला तो दिवस शोधा. त्या दिवशी बहुतेक तीन-चार नावं एकदम आलेली दिसतील: कुठला पीडीएफ कन्व्हर्टर, कुठला ड्रायव्हर अपडेटर, कुठला सर्च असिस्टंट. एका सेटअपच्या पोटात असे अनेक भरलेले असतात. त्या दिवसाचं अनोळखी सगळं काढा.

त्यानंतर क्रोमची एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम. क्लिक केल्यावर भलतं पान उघडतं याचं कारण माझ्या अनुभवात इथेच सापडतं. तुम्ही स्वतः घातलेलं आठवत नाही ते काढा. काढायचं बटणच दिसत नसेल आणि मेन्यूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं येत असेल, तर घरच्या संगणकावर ती काळजीची खूण आहे. काही अँटीव्हायरसमुळेही ती ओळ येते, पण नाहीतर कुणीतरी ऑफिसातल्या संगणकासारखी धोरणं तुमच्या क्रोमवर लादलेली असतात. ते काढायला विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, जावं लागतं, ते जाणकाराकडून करून घ्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण 'काढलं तरी परत येतं' ही तक्रार मी सतत ऐकतो. क्रोममध्ये गूगल खात्याने साइन इन असेल तर एक्स्टेन्शन्स सिंक होतात, म्हणजे त्या खात्याच्या सगळ्या संगणकांवर सारखी ठेवली जातात. या संगणकावरून काढलेलं एक्स्टेन्शन सुनेच्या लॅपटॉपवर त्याच खात्यात राहिलेलं असतं आणि तिथून परत येतं. म्हणून साफ करताना सिंक बंद करा, ज्या ज्या संगणकावर ते खातं आहे तिथे सगळीकडे साफ करा, मग सुरू करा. परत येण्याची आणखी एक जागा म्हणजे 'टास्क शेड्यूलर'. ठरावीक वेळाने तेच पुन्हा उतरवायचं काम कुणीतरी तिथे लावून ठेवलेलं असतं. टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' भागही बघा, पण जे ओळखत नाही ते काढण्याऐवजी आधी 'डिसेबल' करा. नंतर चूक सुधारता येते.

एवढं झाल्यावर स्कॅन. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटीव्हायरस असतोच आणि घरासाठी तो चांगला आहे. साधा 'क्विक स्कॅन' नको. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, आणि तिथला 'ऑफलाइन स्कॅन'. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, म्हणून लपून बसलेलं सापडण्याची शक्यता वाढते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. शिवाय 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन' मध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याचा पर्याय आहे, तो सुरू करा. दुसरं मत हवं असेल तर ॲडक्लीनर हे जाहिराती घुसवणारी सॉफ्टवेअर काढणारं साधन चालवा, किंवा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं घ्या. हे केंद्र २०१७ पासून याच कामासाठी आहे. जुन्या सल्ल्यांमध्ये क्रोमचं स्वतःचं क्लीनअप टूल वापरा असं सापडेल. ते गूगलने २०२३ मध्ये काढून टाकलं, त्यामुळे आज त्या नावाने काही मिळालं तर ते घेऊ नका. आणि यातलं कुठलंही साधन शोधयंत्रात नाव टाकून पहिल्या लिंकवरून घेऊ नका. वरच्या लिंका बहुधा जाहिराती असतात आणि नेमक्या अशाच नावांच्या नकली साइट तिथे पैसे देऊन बसतात. पत्ता हाताने टाइप करा.

पासवर्डचं काम तुम्हाला सगळ्यात कंटाळवाणं वाटेल, पण तेच सगळ्यात गरजेचं आहे. हल्लीचे बरेच मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, संगणक बिघडवत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकी गुपचूप उचलतात आणि निघून जातात. 'लुमा' नावाचा असाच एक चोर १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरात ३,९४,००० हून जास्त विंडोज संगणकांत मायक्रोसॉफ्टला आढळला होता. तेव्हा स्क्रीन शांत झाली म्हणजे संपलं असं नाही. संगणक साफ होईपर्यंत त्यावर बँकेचं काहीही करू नका. पासवर्ड तुमच्या मोबाइलवरून बदला, आधी जीमेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच येतात. बदलताना सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, म्हणजे चोरलेली कुकी निकामी होते. मग नेटबँकिंग, मग बाकीचं. जिथे दुहेरी पडताळणी आहे तिथे ती सुरू करा.

आणखी एक नवा सापळा, जो तुमच्या वाट्याला आला नाही पण येईल. पानावर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं येतं आणि खाली तीन पायऱ्या: विंडोजची कळ आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. इतकं निरुपद्रवी वाटतं की जाणती पोरंही करून बसतात. त्या पानाने एक आज्ञा आधीच तुमच्या नकळत कॉपी करून ठेवलेली असते, आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने संगणकाला देता. इथे फाइल डाउनलोड झालेली दिसतही नाही. कुठलीही खरी साइट अशी पडताळणी मागत नाही.

राउटरचं एका ओळीत. घरातल्या सगळ्या फोनांवर आणि संगणकांवर एकदम भलती पानं उघडत असतील, आणि मोबाइलच्या डेटावर जोडल्यावर ती थांबत असतील, तर दोष राउटरमध्ये आहे, मग तो रीसेट करून त्याचा मूळचा पासवर्ड बदलावा लागतो.

मग फॉरमॅट कधी? ऑफलाइन स्कॅनमध्ये पासवर्ड चोरणारा किंवा दुरून ताबा घेणारा ट्रोजन, म्हणजे साध्या प्रोग्रामच्या वेषात शिरलेला मालवेअर, सापडला तर. डिफेंडर सुरूच होत नसेल, सुरू केला की बंद पडत असेल, तर. विंडोज किंवा ऑफिस फुकट चालू करणारं 'ॲक्टिव्हेटर' कुणी घातलं असेल तर. ते घालताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, त्यामुळे त्या वेळी आणखी काय आत आलं हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. आणि फाइलींच्या नावांना विचित्र शेपटं लागून त्या उघडेनाशा झाल्या असतील, म्हणजे खंडणी मागणारा प्रकार असेल, तर पैसे न देता, फॉरमॅटही न करता त्या फाइली आधी बाजूला ठेवायच्या. युरोपोल या युरोपच्या पोलीस संस्थेच्या सहभागातून २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पात अशा अनेक प्रकारांच्या फाइली उघडणाऱ्या किल्ल्या फुकट मिळतात, आज नसलेली पुढे मिळू शकते.

तुमच्या संगणकाबद्दल मात्र वेगळं एक सांगणं आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदत जाहीर झाली, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. २०१७ च्या संगणकावर विंडोज ११ बहुतेक अधिकृतपणे बसणार नाही. तुमचं काम पत्रिका, हिशेब, फोटो आणि ई-मेल एवढंच असेल, तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली बसवून घ्या असं मी मनापासून सुचवेन. मोफत आहे, जुन्या संगणकावर हलकं चालतं, आणि विंडोजसाठी लिहिलेले हे सेटअप त्यावर दोनदा क्लिक करूनही चालत नाहीत.

आता ज्या कामासाठी हे सगळं घडलं ते. श्रावण लागला की मंडळांच्या पत्रिका सुरू होतात आणि दरवर्षी माझ्याकडे नेमक्या अशाच तक्रारी येतात. इथल्या छापखान्यांत गुजराती सहज टाइप करून मिळतं, मराठीसाठी माणूस शोधावा लागतो, म्हणून लोक घरी फॉन्ट शोधतात. पण मराठी टाइप करायला काही डाउनलोड करावंच लागत नाही. विंडोज १० मध्ये 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये मराठी भाषा जोडा आणि कीबोर्डमध्ये 'मराठी फोनेटिक' निवडा. २०१९ च्या अपडेटपासून तो विंडोजमध्येच आहे. रोमन अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटतं. फॉन्टमध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता यांची नावं दिसतील. एखादा नसेल तर विंडोजच्या 'ऑप्शनल फीचर्स' मधून देवनागरीचा संच घेता येतो. मथळ्यासाठी ठसठशीत अक्षर हवं असेल तर गूगल फॉन्ट्सच्या साइटवर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले 'मुक्ता' आणि 'बालू' मोफत मिळतात. फाइल टीटीएफ आहे ना, तेवढं पाहा.

पत्रिका झाली की छापखान्यात वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ करून द्या. त्यांच्याकडे फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं तुटणार नाहीत. आणि पेनड्राइव्ह घेऊन जाऊ नका. दिवसभर पन्नास पेनड्राइव्ह लागणाऱ्या संगणकातून फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस हमखास घरी येतो. ई-मेलने पाठवा.